माझ्या डोळ्यात फूल पडलेलं नाही

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. खांद्यावर घ्यायचा, पोटात अख्खी कॅसेट बसणारा, चांगला जडशीळ. कळमनुरीत नासेरच्या घरी कपाटावर बसून तुमच्याशी बोलतो आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याबद्दल तुम्ही कुणाकडून काही ऐकलं असेल तर ते हेच असणार. माझ्या डोळ्यात फूल पडलेलं नाही. तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

फूल पडणं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. बैलाच्या किंवा शेळीच्या बुबुळावर पांढरा ठिपका आला, की आमच्याकडे म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. मग बाजारात त्या जनावराकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. लोक पुढे येतात, बोटांनी पापणी वर करतात, मान हलवतात आणि दुसरीकडे निघून जातात. जनावरानं त्यावर काय बोलावं? मी मात्र बोलणार आहे.

माझा जन्म जपानमध्ये झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. नासेरचे मामू सौदीत कामाला होते. त्यांनी १९९३ साली मला कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलं आणि भाच्याच्या हातात ठेवलं. नासेर तोवर बस स्टँडच्या रस्त्यावर एका लहानशा दुकानात रेडिओ दुरुस्त करत असे. त्याची आई खतीजाबी हिनं माझ्यासाठी जुन्या गोधडीची पिशवी शिवली आणि मुलाला बजावलं, "लेकरासारखं जप त्याला." त्यानं जपलंही. काच पुसायला मलमलीचा एक तुकडा तो कायम वरच्या खिशात ठेवायचा. त्या तुकड्याला हात पुसलेले त्याला अजिबात खपत नसे.

काय दिवस होते ते! हिंगोली, वसमत, नरसी, कुठं म्हणून गेलो नाही? लग्नं, साखरपुडे, यात्रा, साखर कारखान्याची मोळीपूजा. मी मांडवात शिरलो की माणसं टोपी नीट करायची, बाया पदर सावरायच्या. म्हातारी मंडळी तर माझ्यासमोर खांबासारखी ताठ उभी राहायची आणि पापणीसुद्धा लववायची नाहीत. नासेर ओरडून सांगायचा, "हाला की जरा, फोटो न्हाई हा, शूटिंग हाय." मग ती सगळी एकदम हलायची आणि मला हसू यायचं.

नासेरच्या शेजारी गोपीचंद टेलरचं दुकान होतं. दोघांची दोस्ती अशी, की एकाचा चहा दुसऱ्याच्या दुकानात गार व्हायचा. खंडेनवमीला गोपीचंद आपल्या शिलाई मशीनला आणि कात्रीला हळदकुंकू वाहायचा. मी आलो त्या वर्षी तो म्हणाला, शेजारच्या हत्याराला उपाशी कसं ठेवायचं? आणि त्यानं हळदीचं बोट थेट माझ्या काचेवर टेकवलं. डोळ्यालाच टिळा! नासेरनं हसत हसत लगेच पुसून काढला. पण ही गंमत त्यानं गावभर सांगितली, आणि ती पुढे आमच्याच अंगाशी आली.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी लग्नाची कॅसेट तयार झाली की नांदेडला मिक्सिंगला जायची. मिक्सिंगवाला तिच्यात गाणी भरायचा, नवरानवरीची नावं फिरवायचा आणि वरून गुलाबाची फुलं पाडायचा. फुलं पाडायला त्याला मोकळी जागा लागे. म्हणून शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की नासेर मला नवरानवरीवरून हळूच वर उचलायचा आणि थोडं रिकामं आभाळ घ्यायचा. इकडून तिकडे, मग पुन्हा इकडे. सगळा मांडव अक्षता टाकण्यात गुंतलेला असताना आभाळाकडे बघणारा तिथं मी एकटाच असायचो.

१९९८ च्या उन्हाळ्यात नरसीजवळच्या एका गावात दिपालीचं लग्न होतं. नवरा बजरंग कळमनुरीकडच्या गावचा. गोरज मुहूर्त होता. सूर्य नुकताच बुडाला होता आणि जमिनीवर सावली पडली होती. शेवटचं मंगलाष्टक दिपालीचे आजोबा नामाजी यांनी म्हटलं. आवाज थकलेला, पण सूर पक्का. नासेरनं मला वर उचललं.

आणि मी ते पाहिलं. आभाळात खूप उंचावर एक पांढरी, उजळ वस्तू होती. उलट्या लसणाच्या गड्ड्यासारखी, वर फुगीर आणि खाली निमुळती. खाली अंधारून येत होतं तरी तिच्यावर ऊन होतं. मी उजवीकडे वळलो, तेव्हा ती माझ्याबरोबर वळली नाही. ती आपल्या जागी राहिली आणि माझ्या चौकटीबाहेर गेली. मी परत फिरलो, तर ती तिथंच होती. मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे एवढंच कुणी लक्षात घेतलं नाही.

नासेरला माझ्या मागच्या भिंगातून पांढरा ठिपका दिसला होता. शुक्राची चांदणी असेल असं समजून तो पुन्हा नवरानवरीकडे वळला.

कॅसेट तयार झाली, तशी नवऱ्या मुलाचे वडील भिवाजी यांनी पाहुण्यांना बोलावलं. नासेर टीव्ही आणि मला घेऊन त्यांच्या घरी गेला. भिवाजी शेती करायचे, शेळ्यामेंढ्या पाळायचे, आणि जनावराचा डोळा पारखावा तर त्यांनीच, असं त्यांचं नाव होतं. कळमनुरीच्या बाजारात त्यांनी पापणी वर करून मान हलवली की सौदा मोडलाच. त्या दिवशी त्यांची बायको सिंधूबाई आत स्वयंपाकाला लागली होती. बाहेर अंगणात सगळे टीव्हीसमोर बसले होते. आभाळ आलं, नामाजींचा आवाज आला, गुलाबाची फुलं पडू लागली आणि त्या फुलांच्या मागे ती पांढरी वस्तू दिसली.

एकच गलका झाला. कुणी म्हणालं विमान, कुणी म्हणालं चंद्र. नांदेडला शिकणारा एक पाहुणा म्हणाला, ही उडती तबकडी आहे. दोन म्हाताऱ्यांनी तर हातच जोडले. भिवाजी उठले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं टीव्हीची काच पुसली. ठिपका गेला नाही. मग ते माझ्याकडे आले, वाकून माझ्या डोळ्यात पाहिलं, आणि बाजारात हलवतात तशी मान हलवली. "ह्याच्या डोळ्यात फूल पडलंय," ते म्हणाले.

संपलं! ज्या माणसाच्या शब्दावर बैल विकले जायचे, त्याचा शब्द कॅमेऱ्याला लागू होत नाही, हे त्या लोकांना कोण सांगणार? पुढच्या बाजारापर्यंत ही गोष्ट सगळ्या तालुक्यात झाली. नासेरच्या कॅमेऱ्यात फूल पडलंय, त्याला लग्न देऊ नका. शुभकार्यात फुटका डोळा कशाला? ठरलेली लग्नंसुद्धा दुसऱ्याकडे गेली. नासेर नांदेडला जाऊन मिक्सिंगवाल्याला विचारून आला. तो म्हणाला, माझी फुलं वरून खाली पडतात, तुझं हे आडवं चाललंय, ते माझं नाही. नासेरच्या मेहुण्याचं नांदेडला टायर पंक्चरचं दुकान होतं. दिवाळीनंतर मला विकून टाकावं आणि तिकडे कामाला जावं, असं घरात बोलणं सुरू झालं. मी गोधडीच्या पिशवीतून सगळं ऐकत होतो.

एका बाजाराच्या दिवशी गोपीचंदच्या दुकानात यावर चांगलीच चर्चा झाली. शाळेत विज्ञान शिकवणारे संतराम गुरुजी आले होते. भिवाजीही सदऱ्याचं माप द्यायला आलेले होते. गुरुजींनी कॅसेट मागून घेतली आणि शेजारी नासेरच्या दुकानातल्या टीव्हीवर तो भाग पुन्हा पुन्हा पाहिला. ते म्हणाले, डाग काचेवर असता तर कॅमेऱ्यासोबत फिरला असता, हा फिरत नाही. शूटिंगच्या हॅलोजन दिव्याचं प्रतिबिंब असतं तर कॅमेरा वळला की तेही सरकलं असतं, हे जागा सोडत नाही. पिशवीत बसल्या बसल्या माझा ऊर भरून आला. शेवटी गुरुजी म्हणाले, हैदराबादकडून हवेचा अभ्यास करायला मोठाले फुगे सोडतात, फार उंच जातात, हा तसा असू शकेल. "पण मग त्याचं पातळ प्लास्टिक कुठंतरी पडलं असंल. कुणाला घावलं का?"

भिवाजी म्हणाले, "आमच्याकडं कुठं काय पडतंय." आणि बाहीचं माप द्यायला त्यांनी हात पुढे केला.

गुरुजी सरळ माणूस. ते म्हणाले, पुरावा मिळेपर्यंत ती वस्तू काय होती हे मी सांगणार नाही, फक्त दोष कॅमेऱ्याचा दिसत नाही एवढंच म्हणेन. लोकांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. गुरुजींनाही खात्री नाही, असं ते म्हणू लागले. नासेरनं तिथल्या तिथं मला बाहेर काढलं, दुकानासमोर उभं राहून आभाळ घेतलं आणि टीव्हीवर दाखवलं. आभाळ कोरं होतं. तर लोक म्हणाले, आता काच पुसली असंल!

इथं गोपीचंदला दोस्ताची दया आली. तो सगळ्यांसमोर उठून म्हणाला, "बराबर हाय. खंडेनवमीला हळद मीच लावली व्हती. तीच ऱ्हायली असंल. आता साफ झालंय, देऊन टाका त्याला लग्नं."

अरे गोपीचंदा! तुझं मन मोठं, पण डोकं कुठं ठेवून आला होतास? हळद पिवळी असते, ती वस्तू पांढरी होती. तू हळद लावलीस मी नवा होतो तेव्हा, आणि तीही तेव्हाच पुसली गेली. पण लोकांना ते एकदम पटलं. सगळे हसले, सुटल्यासारखे झाले. नासेरनं फक्त "हो" म्हणायचं होतं. माझ्या काचेवर डाग होता असं एकदा कबूल केलं, की लग्नं परत येणार होती, नांदेडला जावं लागणार नव्हतं. भिवाजींनीसुद्धा मान डोलावली आणि सांगितलं की तेवढं आभाळ पुसून दे, मग मी स्वतः लोकांना सांगतो.

नासेरनं मलमलीचा तुकडा घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "काच साफ व्हती, मामा. तकलीफ झाली तर होऊ द्या, पण जे न्हाई ते मी कसं कबूल करू?"

मित्रांनो, माझ्यावर त्या दिवसाएवढं प्रेम कुणीच केलं नाही.

मग वाईट दिवस आले. पावसाळ्यात नामाजी वारले. घरातल्या लोकांच्या ध्यानात आलं, की त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. तो त्या आभाळावर, त्या पांढऱ्या वस्तूमागेच तेवढा आहे. आणि भिवाजींचा धोशा चालूच होता, की ती फुलाची कॅसेट पुसा आणि तिच्यावर दुसरं काही भरा. दिपालीनं काय केलं माहीत आहे? कॅसेटच्या पाठीवर एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काहीच भरता येत नाही. दिपालीनं सासऱ्यांच्या देखत कॅसेट हातात घेतली, ती पट्टी कट्कन मोडली आणि तुकडा चुलीत टाकला.

नासेर दिवाळीनंतर नांदेडला गेला. टायर काढायचा, घालायचा. मला मात्र त्यानं विकलं नाही. गिऱ्हाईक येऊन डोळ्यात बघायला लागलं की खतीजाबीच म्हणायची, देना नहीं है, जाओ.

पुढच्या वर्षी आमच्या हिंगोलीचा जिल्हा झाला आणि दिपालीला मुलगी झाली. मुलगी बसायला लागल्यावर तिचं जावळ काढायचं ठरलं. भिवाजींनी हिंगोलीचा दुसरा शूटिंगवाला बोलवायचं ठरवलं होतं. दिपाली म्हणाली, माझ्या आज्याचा आवाज ज्यानं ठेवला त्यालाच बोलवा, नाहीतर लेकरू मामाच्या मांडीवर बसवणार नाही. सिंधूबाईंनी सुनेची बाजू घेतली. नासेर नांदेडहून आला, मला पिशवीतून काढलं, काच पुसली, आणि आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी कामाला निघालो.

जावळ काढताना पोरीनं आकांत मांडला. अर्धं डोकं झालं आणि ती कुणाला ऐकेना. तेव्हा सिंधूबाई तिला उचलून मागच्या वाड्यात शेळ्यांची करडं दाखवायला घेऊन गेल्या. रडणारं लेकरू हसतं कसं, ते कॅसेटमध्ये चांगलं दिसतं, म्हणून नासेर मला घेऊन मागोमाग गेला.

शेळ्यांच्या वाड्यावर पांढरं छप्पर होतं. ऊन त्यातून गाळून खाली येत होतं. पातळ, दुधाळ, कुठंकुठं चुण्या पडलेलं, आणि एवढं मोठं की दुमडून दुमडून बांधलं होतं. एका टोकाला ते निमुळतं होत गेलेलं होतं. मी ओळखलं. नासेरनं मला त्या टोकावरच धरून ठेवलं, म्हणजे त्यानंही ओळखलं.

तो साधेपणानं म्हणाला, "मामी, हे कापड लई चांगलं हाय. कुठून आणलं?"

सिंधूबाई नातीला करडाजवळ धरून होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "आणतंय कोण? बजरंगच्या लग्नाच्या दुसऱ्या दिशी वरल्या वावरात पडलं व्हतं. आभाळातनं पडलं म्हने. ह्यांनी म्हनले कुनाला सांगू नको, पोलीस येऊन बसवून ठेवतील. करडं कोरडी ऱ्हायली बघा दोन पावसाळे."

मित्रांनो, मला नुसता डोळाच नाही, कानही आहे. हे शब्द मी जसेच्या तसे पोटात ठेवले.

नासेरनं आरडाओरडा केला नाही. जेवणं झाली, मंडळी टीव्हीसमोर बसली. दिपालीनं घरातून आपली कॅसेट आणून दिली, तीच, पट्टी मोडलेली. आभाळ आलं, नामाजींचा आवाज आला, फुलांच्या मागे ती वस्तू आली. भिवाजी चुळबुळ करायला लागले. मग नासेरनं आजची कॅसेट लावली. हसणारी पोर आली, करडं आली, छप्पर आलं आणि सिंधूबाईंचा आवाज आला.

सिंधूबाई दारातून सगळं बघत होत्या, त्या बाहेर आल्या. त्यांनी पहिल्यांदाच ते आभाळ पाहिलं होतं. टीव्हीकडे पाहिलं, मागच्या वाड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "म्हंजे ह्या पोराचं दुकान बंद झालं ते ह्याच्यापायी?" त्यांनी विचारलं. "आता सांगा समद्यांसमोर. फूल कुनाच्या डोळ्यात हाय?"

भिवाजी उठले. माझ्यासमोर बसले, वाकून माझ्या डोळ्यात बघितलं. या वेळी बराच वेळ बघितलं. "साफ हाय," ते म्हणाले.

एवढंच. पुढच्या बाजारी गोपीचंदच्या दुकानातही ते एवढंच बोलले, "साफ हाय." मला त्यांच्याकडून आणखी काही ऐकायचं होतं. ते काही आलं नाही आणि मीही अजून ते विसरलेलो नाही. पण त्यांचा शब्द तालुक्यात चालत होता. लग्नं परत आली आणि नासेरनं पंक्चरचं दुकान सोडलं. संतराम गुरुजी मुलांना घेऊन ते छप्पर बघायला गेले आणि म्हणाले, हा फुग्याचाच तुकडा. गंमत अशी, की तेव्हा मुलांना सगळं रंगवून सांगायला भिवाजीच पुढे होते. फुगा माझ्याच वावरात पडला, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं छाती पुढे काढून सांगत होते!

पुढे हातात मावणारे कॅमेरे आले, मग सीडी आली, मग मोबाइल आले. माझं काम थांबलं. नासेरनं नवीन कॅमेरा घेतला याचा मला राग नाही, त्यानं पोट भरायलाच हवं. पण दिवस जातात तशी माझ्यावर धूळ बसते, हे खरं आहे. मागच्या आठवड्यात भंगारवाला आला होता. त्यानं मला उचललं, उजेडात धरलं, डोळ्यात पाहिलं, आणि मला ओळखीची असलेली ती मान हलवली. "काचेवर डाग हाय," तो म्हणाला. "असल्याला कोन विचारतंय?"

नासेरची मुलगी सिमरन दारात उभी होती. तिनं खुंटीवरच्या बापाच्या सदऱ्यातून मलमलीचा तुकडा काढला, काचेवर फुंकर मारली आणि पुसलं. धूळ होती, गेली. मग तिनं मला भंगारवाल्याच्या हातातून काढून घेतलं आणि पुन्हा कपाटावर ठेवलं.

म्हणून मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुन्या वस्तूत डाग दिसला तर मान हलवण्याआधी मऊ फडकं घ्या आणि पुसून बघा. पुसला गेला, तर तो माझा होता, मी कबूल करीन. नाही गेला, तर मला फुटका म्हणू नका. मान वर करा आणि आभाळात बघा. आणि तिथंही काही दिसलं नाही, तर एकदा आपल्या घरामागे जाऊन शेळ्यांच्या वाड्यावर काय बांधलं आहे ते पाहून या.